आधी रंग शून्यावर आणा, मग जुना टीव्ही जोखा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कलर टीव्हींच्या पिक्चरची तुलना करणारा लेख आला होता, तो मी दिवसभरात चार वेळा वाचला. चार सेट शेजारी शेजारी ठेवलेले, चारही पडद्यांचे फोटो, प्रत्येक फोटोखाली दहापैकी मार्क, आणि शेवटी निकाल असा की साठच्या दशकातला गोल ट्यूबवाला सेट धुरकट आणि नारिंगी दिसतो, त्यानंतरचे दोन बरे, आणि सोनीचा ट्रिनिट्रॉन सगळ्यात भारी. या विषयावर कुणीतरी पानभर लिहिलं याचाच मला इतका आनंद झाला की आधी लेखकाचे मनापासून आभार मानतो. पण निकाल काही पटला नाही, आणि का पटला नाही ते जरा सविस्तर लिहितोय. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, मी गेली तीसेक वर्षं असे सेट उघडतोय, दुरुस्त करतोय आणि रात्री दिवे बंद करून त्यांच्यासमोर बसतोय, त्यामुळे हा विषय निघाला की मला थोडक्यात आवरता येत नाही.

त्या लेखात खरं तर मोजलं गेलंय ते त्या चार सेटांचं वय. कोणाची पिक्चर ट्यूब किती वीक झालीय, कोणाचे कॅपॅसिटर सुकलेत, कोणाचं अॅडजस्टमेंट वीस वर्षांत कुणी केलेलंच नाही, कोणाला कुठून सिग्नल दिलाय. हे सगळं एकत्र होऊन पडद्यावर जे उमटलं त्याला आपण त्या मॉडेलची पिक्चर क्वालिटी म्हणून मार्क दिले. तोच गोल सेट नीट करून, नीट सेट करून, योग्य खोलीत लावला असता तर मला खात्री आहे की लेखकाने मार्क बदलले असते.

आधी फोटोचं सांगतो, कारण वाचकांनी पाहिले ते फोटोच. पिक्चर ट्यूबचा फोटो काढणं फार फसवं काम आहे हो. पडद्यावर एका क्षणाला एकच ठिपका पेटलेला असतो, तो ओळीओळीने खाली जातो, आपल्या डोळ्याला ते सलग दिसतं पण कॅमेऱ्याचं शटर जरा जास्त वेगाचं असलं की अर्धं चित्र काळं किंवा मधे एक पट्टा. त्यात फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने पांढरा रंग ठरवतो, शेजारचा निळसर सेट फ्रेममध्ये आला तर हा पिवळा दिसणार आणि एकटा काढला तर पांढरा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही जुन्या ट्यूबांचा लाल रंग इतका गडद आहे की तो साध्या कॉम्प्युटरच्या किंवा फोनच्या पडद्यावर दाखवताच येत नाही, आणि छापील कागदावर तर नाहीच नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तो सेट बघायचा नेमकी तीच गोष्ट फोटोत गळून पडते, आणि मग वाचक म्हणतो की ह्यात काय विशेष.

आता सेटिंगचं. १९७० च्या आसपासपर्यंतचे बहुतेक कलर सेट डेल्टा गनचे, म्हणजे ट्यूबच्या मानेत लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी इलेक्ट्रॉनची शलाका सोडणाऱ्या तीन गन त्रिकोणात बसवलेल्या. त्या तिन्ही शलाका पडद्याच्या प्रत्येक बिंदूवर एकाच जागी पडायला हव्यात, त्याला कन्व्हर्जन्स म्हणतात, आणि प्रत्येक गनची शलाका शॅडो मास्कच्या, म्हणजे पडद्यामागच्या बारीक भोकांच्या पत्र्याच्या, भोकातून फक्त आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडायला हवी, त्याला प्युरिटी. डेल्टा गन सेटमध्ये मधल्या भागासाठी चार चुंबकं आणि कडांसाठी साधारण बारा वेगवेगळे कंट्रोल, आणि एक फिरवला की दुसरा थोडा हलतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मला एका सेटला नीट करायला अख्खी दुपार लागते आणि ती मी फार आनंदाने देतो. सेट अर्धा तास तापल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण थंड असताना केलेलं अॅडजस्टमेंट तापल्यावर सरकतं. आणि हे सगळं करण्याआधी डिगॉसिंग कॉइल, म्हणजे साठलेलं चुंबकत्व घालवणारं तारेचं वेटोळं, फिरवायची, कारण शॅडो मास्क लोखंडी असतो, पृथ्वीच्या चुंबकत्वानेसुद्धा तो हळूहळू चुंबकीय होतो, सेट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला फिरवला तरी कोपऱ्यात हिरवट जांभळट डाग येऊ शकतात. हे डाग म्हणजे ट्यूब खराब झाली असं लोक समजतात आणि सेट टाकून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि मग ग्रे स्केल. कलर टीव्ही जोखायची माझी पहिली पायरी म्हणजे कलरचं बटण पूर्ण शून्यावर आणायचं. चित्र कृष्णधवल झालं की सगळं कळतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळ्या करड्या छटा खरोखर करड्या आहेत का, की अंधाऱ्या भागात तांबूस आणि उजेडात हिरवट झाक येतेय? तशी झाक असेल तर तिन्ही गनचं प्रमाण बिघडलंय, आणि अशा सेटवर रंग चढवला की चेहरा सावलीत एका रंगाचा आणि उन्हात दुसऱ्या रंगाचा. हे बघितल्याशिवाय "नारिंगी दिसतो" असा निकाल देऊ नये असं मला वाटतं. लेखातल्या गोल सेटच्या फोटोत मागची भिंतसुद्धा तांबूस आहे, निवेदकाचा शर्टही तांबूस आहे, म्हणजे बहुधा निळी नाहीतर हिरवी गन मागे पडलीय किंवा मागचे स्क्रीन कंट्रोल कुणीतरी फिरवलेत, त्यात त्या मॉडेलचा काय दोष?

कलर शून्यावर आणण्याचा आणखी एक फायदा. अक्षरांच्या कडांना रंगीत कडा दिसत असतील तर लगेच कन्व्हर्जन्स गेलं असं म्हणतात. कलर बंद केल्यावरही त्या कडा राहिल्या तर खरंच कन्व्हर्जन्स. पण कलर बंद करताच कडा गेल्या तर दोष दुसराच आहे, रंगाचा सिग्नल उजेडाच्या सिग्नलपेक्षा मागेपुढे पोचतोय किंवा त्याची ट्यूनिंग सरकलीय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, इलाज मात्र पूर्ण वेगळे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर पेन उचललं ती. लेखात असं गृहीत धरलंय की जसजसा काळ पुढे गेला तसतसं पिक्चर सगळ्याच बाबतीत सुधारत गेलं. तसं झालेलं नाही, आणि रंगाच्या बाबतीत तर नक्कीच नाही. अमेरिकेत एनटीएससीचं, म्हणजे रंगीत चित्र पाठवायच्या तिथल्या पद्धतीचं, स्टँडर्ड १७ डिसेंबर १९५३ ला मंजूर झालं, आणि १९५४ साली आरसीए कंपनीचा सीटी-१०० हा कलर सेट बाजारात आला. त्यात १५जीपी२२ नावाची ट्यूब, म्हणायला पंधरा इंची पण प्रत्यक्ष चित्र साडेअकरा इंचाचं, कारण रंगीत ठिपक्यांची काच सपाट आणि ट्यूबच्या आत वेगळी बसवलेली, तिच्यामागे सपाट मास्क. सीबीएस या अमेरिकन कंपनीच्या लोकांनी ठिपके सरळ पुढच्या वक्र काचेवर उमटवायची पद्धत आणली आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली, त्यामुळे १५जीपी२२ ही ट्यूब आपल्या जातीची जवळजवळ एकटीच राहिली.

पण तिचे रंग! तिच्यातला लाल झिंक फॉस्फेटचा आणि हिरवा झिंक सिलिकेटचा, आणि १९५३ च्या स्टँडर्डमध्ये जे लाल, हिरवा, निळा लिहून ठेवलेत त्यांच्या अगदी जवळ जाणारे. तो लाल खरंच लाल, त्यात नारिंगीचा मागमूस नाही, आणि हिरवा कोवळ्या पिवळट छटेचा नाही, भर गडद. या फॉस्फरांचे, म्हणजे शलाका पडली की पेटणाऱ्या पदार्थांचे, दोन दोष होते. एक म्हणजे उजेड कमी, आणि दुसरा म्हणजे पेटलेला ठिपका विझायला वेळ लागायचा, त्यामुळे अंधारात एखादी उजळ वस्तू पटकन हलली की मागे रंगीत शेपूट राहायची. मग कारखाने उजेडाच्या मागे लागले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सल्फाइडचे फॉस्फर आले, चित्र उजळ झालं, शेपूट गेली, पण लाल नारिंगीकडे सरकला आणि हिरवा पिवळ्याकडे. १९६४ मध्ये युरोपियम घातलेला यट्रियम व्हॅनाडेटचा लाल फॉस्फर आला आणि त्याने मोठा फरक केला, कारण तोवर लाल हा सगळ्यात अशक्त रंग, त्याच्या जोडीला बसावं म्हणून हिरवा आणि निळा मुद्दाम दाबून ठेवायला लागायचे. लाल ताकदवान झाल्यावर तिघेही मोकळे सुटले आणि पडदा एकदम उजळला. पण हिरवा मात्र पिवळट तो पिवळटच राहिला, कारण पिवळट हिरवा डोळ्याला जास्त उजळ वाटतो आणि दुकानात शेजारी शेजारी लावलेल्या सेटांमध्ये उजळ सेटच विकला जातो. पुढे जाऊन स्टुडिओतल्या मॉनिटरांचं स्टँडर्डच या नव्या फॉस्फरांप्रमाणे बदललं, म्हणजे १९५३ चे मूळ रंग कागदावर राहिले आणि कॅमेरावाल्यांनीही ते सोडून दिले. इतका मोठा रंगांचा पल्ला घरातल्या टीव्हीवर परत दिसायला पुढे कित्येक दशकं जावी लागली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते आणि ती त्या लेखात एका ओळीनेसुद्धा आलेली नाही.

तपशिलाच्या बाबतीतही तेच. एनटीएससीमध्ये रंगाचा सिग्नल दोन भागांत जातो. नारिंगी ते निळसर-हिरवा या अक्षावरचा भाग, त्याला आय म्हणतात, त्याला साधारण १.३ मेगाहर्ट्झची जागा दिली, कारण डोळ्याला या छटांमधले बारकावे जास्त कळतात, त्वचेचे रंग इथेच येतात ना. आणि हिरवा ते जांभळा अक्षावरचा क्यू, त्याला फक्त अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास. सीटी-१०० हे दोन्ही पूर्ण उलगडायचा, त्यासाठी वेगळे फिल्टर, वेगळी डिले लाइन, जास्तीचे व्हॉल्व्ह, एकूण छत्तीस. लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत खर्च कमी करायला कंपन्यांनी दोन्ही भाग अर्ध्या मेगाहर्ट्झवर आणले आणि पुढे जवळजवळ सगळ्यांनी तसंच केलं. म्हणजे स्टेशन जो तपशील पाठवत होतं तो सेट फेकून देत होता. नीट चालणाऱ्या सीटी-१०० वर ओठांची कड जशी येते तशी नंतरच्या कित्येक मोठ्या सेटांवर येत नाही, त्याचं कारण हे.

सीटी-१०० सगळ्यात चांगला टीव्ही होता असं मी म्हणत नाहीये. चित्र छोटं, अंधार करून बघावं लागतं, सेटिंग किचकट, आणि ती ट्यूब काच आणि धातूच्या जोडातून हवा घेते म्हणून आज चालू असलेल्या फार थोड्या. पण तुलना करायची तर कशात चांगला आणि कशात कमी हे वेगवेगळं सांगायला हवं, एकच आकडा देऊन कसं चालेल?

नंतरच्या सेटांचंही असंच. लेखातला दुसरा सेट सत्तरच्या दशकातला आहे, आणि त्याचा काळा रंग चांगला दिसतो असं लेखकाने बरोबर टिपलंय पण कारण दिलं नाही. १९६९ मध्ये झेनिथने क्रोमाकलर ट्यूब आणली, त्यात रंगीत ठिपके लहान केले आणि त्यांच्यामधली जागा काळी भरली. त्याआधी खोलीतला उजेड पडद्यावरून परत येऊ नये म्हणून पुढची काच करडी ठेवायला लागायची, आणि ती करडी काच ट्यूबचा स्वतःचा उजेडही खायची. काळं भरल्यावर काच स्वच्छ ठेवता आली, चित्र बरंच उजळ झालं आणि दिव्याखाली बसूनसुद्धा काळा रंग काळा राहिला. पिक्चर ट्यूबच्या इतिहासात मला हा बदल ट्रिनिट्रॉनइतकाच मोलाचा वाटतो, पण ट्रिनिट्रॉनचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि याचं नाही.

ट्रिनिट्रॉनबद्दल माझं काही वाकडं नाही हां, उलट माझ्या बैठकीत आजही एक आहे आणि रोज संध्याकाळी लागतो. १९६८ मध्ये सोनीचा केव्ही-१३१० आला तेव्हा एकाच गनमध्ये तीन कॅथोड, मास्कच्या जागी उभ्या ताणलेल्या तारांची जाळी आणि पडद्यावर उभे पट्टे, ही कल्पनाच फार सुंदर होती. साधा शॅडो मास्क ऐंशी टक्क्यांहून जास्त इलेक्ट्रॉन स्वतःच अडवतो, जाळी त्याहून बरेच जास्त सोडते, म्हणून उजेड. पडदा वर-खाली सरळ, म्हणून छतावरच्या दिव्याचं प्रतिबिंब कमी. आणि तीन शलाका एका आडव्या रेषेत असल्यामुळे कन्व्हर्जन्सचा त्रास कितीतरी कमी. पण तारा थरथरू नयेत म्हणून एक-दोन आडव्या बारीक तारा लावायला लागतात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्यांची सावली दिसते, एकदा दिसली की नजर तिथेच जाते. शिवाय तीन शलाका एका ओळीत ठेवायची कल्पना जनरल इलेक्ट्रिकच्या पोर्टा-कलरमध्ये १९६६ लाच आलेली होती, अकरा इंची छोटा सेट, आणि सत्तरच्या दशकात आरसीए आणि फिलिप्सनेही ती स्वतःच्या ट्यूबांमध्ये आणली. लेख वाचून असं वाटतं की ट्रिनिट्रॉन सोडला तर बाकी सगळे त्रिकोणी गनमध्येच अडकून पडले होते, तसं नव्हतं.

पॅल ही रंगीत चित्र पाठवायची दुसरी पद्धत, तिची आणि एनटीएससीची सरमिसळ तर मला फारच खटकली. लेखातला चौथा सेट पॅलचा आहे आणि पहिला एनटीएससीचा, आणि "चौथ्याचे रंग स्थिर आहेत" असं लिहून त्याला दोन मार्क जास्त दिलेत. ते मार्क सेटचे नाहीत हो, ते सिस्टिमचे आहेत. टेलिफंकन या जर्मन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी १९६३ मध्ये पॅल दाखवलं, त्यात एका ओळीआड रंगाच्या सिग्नलचा एक भाग उलटा करून पाठवतात आणि सेटमधली डिले लाइन आधीची ओळ ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवून दोन्हींची सरासरी काढते, त्यामुळे वाटेत रंगाची छटा सरकली तरी दोन ओळींच्या चुका एकमेकींना खातात, फक्त रंग थोडा फिका होतो. म्हणून पॅल सेटवर टिंटचं, म्हणजे छटा सरकवायचं, बटण लागत नाही. सोनीने सुरुवातीच्या पॅल ट्रिनिट्रॉनमध्ये टेलिफंकनचं पेटंट टाळायला हे सरासरीचं काम गाळलं आणि त्यावर छटेचं बटण पुन्हा द्यावं लागलं, बघा म्हणजे एकाच सिस्टिममध्येसुद्धा सेटासेटात किती फरक. पॅलला ओळी ६२५, एनटीएससीला ५२५, म्हणून पॅल जास्त रेखीव. पण पॅल सेकंदाला पन्नास वेळा लुकलुकतो आणि एनटीएससी साठ, उजळ पांढऱ्या चित्रावर हा फरक डोळ्याच्या कोपऱ्यातून लगेच जाणवतो. यातलं काय कोणाला जास्त खुपतं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण दोन वेगळ्या सिस्टिमचे सेट एका तराजूत घालायचे तर हे आधी सांगायला हवं ना.

दोन गोष्टी अशा आहेत की त्या फोटोत कधीच दिसणार नाहीत आणि मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पहिली काळ्याची. रात्रीचं दृश्य आलं की चांगल्या सेटवर रात्र होते, आणि बऱ्याच साठ-सत्तरच्या सेटांवर सगळं करडं धुकं होतं, कारण खर्च वाचवायला सिग्नलची सरासरी पातळी, आम्ही तिला डीसी म्हणतो, अर्धी किंवा पूर्ण सोडून दिलेली असायची. मग सेटला कळतच नाही की दृश्य अंधाराचं आहे. बघायचं असेल तर चित्र हळूहळू काळं होत जाणारा एखादा तुकडा लावा, शेवटी पडदा खोलीच्या अंधारात विरघळला तर तो सेट प्रामाणिक, आणि राख पसरल्यासारखा करडा राहिला तर नाही. दुसरी गोष्ट हाय व्होल्टेजची. कलर ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि चित्र उजळलं की ते खाली ओढले जातात. जुन्या चांगल्या सेटांमध्ये ते स्थिर ठेवायला खास एक मोठा रेग्युलेटर व्हॉल्व्ह असायचा. तो नसला किंवा थकला की उजेडाबरोबर अख्खं चित्र फुगतं, कडा बाहेर जातात, फोकस मऊ पडतो. लेखातल्या गोल सेटला जो "धुरकट" म्हटलंय त्यात या रेग्युलेटरचा हात असू शकतो, आणि काच-मोतीबिंदूचा तर नक्कीच असेल. मोतीबिंदू म्हणजे ट्यूब आणि तिच्या पुढची संरक्षक काच यांच्यामधला चिकट थर, तो वर्षानुवर्षांनी कडांपासून पांढरा होत आत येतो. फोटोत वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तो मला स्पष्ट दिसतोय. तो काढता येतो, पण काच गरम करून तारेने सोडवायला लागते आणि ट्यूब फुटायची भीती असते, नवख्याने अजिबात करू नये.

जाता जाता हेही सांगतो की कुणी हे वाचून मागचं झाकण उघडणार असेल तर कृपा करून नको. सेट बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. आणि चित्र उजळ व्हावं म्हणून हाय व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या वर तर कधीच न्यायचं नाही, त्यातून क्ष-किरण निघतात, याच कारणावरून साठच्या दशकात अमेरिकेत मोठा गदारोळ झाला आणि १९६८ मध्ये खास कायदा करायला लागला.

आता सिग्नलचं. आज आकाशातून तो जुना सिग्नल बहुतेक ठिकाणी येतच नाही, म्हणजे आपण काहीतरी प्लेअर किंवा बॉक्स लावतो आणि एका छोट्या मॉड्युलेटरमधून तो अँटेनाच्या वाटेने आत घालतो. स्वस्त मॉड्युलेटर बारीक तपशील कापून टाकतो, आणि मग आपण म्हणतो सेट ब्लर आहे. लेखातल्या ट्रिनिट्रॉनला मागे थेट व्हिडिओ इनपुट आहे, म्हणजे त्याला स्वच्छ सिग्नल थेट मिळाला असणार, आणि गोल सेटला मॉड्युलेटरमधून. तुलना तिथेच एकतर्फी झाली. त्यात आजचे कार्यक्रम आजच्या रंगांसाठी बनवलेले असतात, ते १९५४ च्या फॉस्फरवर लावले तर लाल आणि हिरवा गरजेपेक्षा भडक येतो आणि लोक म्हणतात की जुन्या टीव्हीचे रंग भडक. कलर थोडा कमी केला तरी बराच फरक पडतो.

माझी विनंती अशी आहे की पुरवणीने हा विषय सोडू नये, पुन्हा घ्यावा. चारही सेट आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, प्रत्येकाच्या ट्यूबचं इमिशन, म्हणजे तिच्या गन अजून किती इलेक्ट्रॉन सोडतात ते, मोजून आकडा छापा, म्हणजे कोण थकलाय ते वाचकाला कळेल. सगळ्यांना एकाच वाटेने एकच सिग्नल द्या, आधी करड्या पायऱ्या, मग जाळीचं चित्र, मग रंगपट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी माणसाचा चेहरा. खोलीत मंद उजेड ठेवा कारण हे सेट तशाच खोलीसाठी बनवलेत. आणि शक्य असेल तर फोटोऐवजी चार-पाच वेगवेगळ्या वयाची माणसं समोर बसवून त्यांना काय दिसलं ते त्यांच्या शब्दांत छापा, मला तर ते कुठल्याही मार्कांपेक्षा जास्त वाचायला आवडेल. या कामाला कुणी हवं असेल तर मी यायला तयार आहे, माझा जाळीचं चित्र काढणारा जनरेटर आणि कॉइल घेऊन येतो, त्याचे पैसे नकोत.

आणि एक शेवटचं, हे मात्र त्या सेटांच्या मालकांपर्यंत लवकर पोचवा. लेखात तिसऱ्या सेटबद्दल लिहिलंय की डाव्या बाजूला जांभळा डाग आहे, ट्यूब गेली आणि मालक आता तो भंगारात द्यायचा विचार करतायत. फोटोत त्या सेटला खेटून डावीकडे मोठा स्पीकर ठेवलेला दिसतोय. स्पीकरमध्ये चुंबक असतं. तो स्पीकर तिथून चार फूट लांब न्या, सेट बंद करून तास-दीड तास थंड होऊ द्या आणि मग चालू करा, म्हणजे आतली डिगॉसिंग कॉइल स्वतःच तिचं काम करेल. एकदा करून डाग फक्त फिका झाला तर तसंच आणखी दोन-तीन वेळा करा, तेवढ्यानेही नाही गेला तर बाहेरून कॉइल फिरवावी लागेल. पण तोवर तो सेट कुणाला देऊ नका.

आपला नम्र,
जुने टीव्ही दुरुस्त करणारा एक वाचक